राणीमाशीला कुणी विचारत नाही

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात एक दिवसाचं ‘टीम बिल्डिंग’ झालं. ११ जणांची आमची टीम त्याआधी महिनाभरच ७ जणांवर आली होती आणि गेलेल्या चौघांचं काम उरलेल्यांमध्ये ‘नैसर्गिकरीत्या’ वाटलं गेलं होतं. हा शब्द माझा नाही, आम्हाला आलेल्या मेलमधला आहे. बाहेरून बोलावलेल्या ट्रेनरने तिसऱ्या की चौथ्या स्लाइडवर मधाच्या पोळ्याचा मोठा फोटो लावला आणि म्हणाला, “हे बघा जगातलं सगळ्यात यशस्वी ऑर्गनायझेशन.”

मग त्याने आम्हाला पोळं समजावून सांगितलं. राणी एक, तिच्याकडे व्हिजन. कामकरी माश्या हजारो, प्रत्येकीला आपला रोल पक्का माहीत. हे माझं काम नाही असं कुणी म्हणतं का? आज मी दमले असं कुणी म्हणतं का? आणि हे बघा नर. खातात, लोळतात, आणि एक दिवस त्यांना बाहेर काढलं जातं. या शेवटच्या वाक्यावर तो हसला, म्हणून आम्हीही हसलो. चौघांच्या रिकाम्या खुर्च्या अजून तिथेच होत्या.

त्याच आठवड्यात घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. सूर्योदयाचा फोटो, त्यावर पिवळ्या माश्या आणि खाली मजकूर. मजकुराचा सारांश असा : पोळ्यात कुणी आरक्षण मागत नाही, जो ज्या कामासाठी जन्मला तो ते करतो, ही निसर्गाची व्यवस्था आहे आणि आपल्या पूर्वजांना ती ठाऊक होती. खाली नमस्काराचे १४ इमोजी.

मी दोन्हीकडे गप्प बसले. ऑफिसात नोकरीच्या भीतीने आणि ग्रुपवर कंटाळ्याने. हा लेख म्हणजे तेव्हा न दिलेलं उत्तर आहे.

मी कीटकशास्त्रज्ञ नाही. माझे मामा जावळी तालुक्यात राहतात आणि त्यांच्याकडे सातेरी माश्यांच्या सहा पेट्या आहेत. लॉकडाउनमध्ये मी त्यांच्याकडे काही महिने राहिले, चौकटी उचलायला शिकले, डंख खाल्ले, आणि परत आल्यावर हाताला लागेल ते वाचत गेले. बहुतेक मोठं संशोधन युरोपीय मेलिफेरा माशीवर झालंय. आपली सातेरी तिची जवळची नातेवाईक आणि दोघींच्या घराची मूळ मांडणी सारखीच. पुढे जे आकडे येतील ते मेलिफेराचे समजा. त्या ट्रेनरने आणि त्या फॉरवर्डने माशीबद्दल जे सांगितलं ते धडधडीत खोटं आहे, आणि ते खोटं निरुपद्रवी नाही, एवढंच मला म्हणायचंय.

सुरुवात ‘राणी’पासून करू.

माणसाने पोळ्यात पहिल्यांदा डोकावलं तेव्हा त्याला राजा दिसला. ॲरिस्टॉटलने त्या मोठ्या माशीला पुढारी आणि राजा म्हटलं. काही लोक तिला आई म्हणतात हेही त्याने नोंदवलं, पण ते म्हणणं मागे पडलं. रोमन कवी व्हर्जिलने शेतीवरच्या काव्यात पोळ्याचा राजाच गायला. मग १६०९ साली चार्ल्स बटलर या इंग्रज पाद्र्याने पुस्तक लिहून ठासून सांगितलं की पोळ्यात राजा नाही, राणी आहे. इंग्लंडवर दीर्घकाळ राज्य केलेल्या एलिझाबेथ राणीला जाऊन तेव्हा सहाच वर्षं झाली होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात यान स्वामरडाम या डच संशोधकाने सूक्ष्मदर्शकाखाली त्या ‘राजा’चं पोट उघडलं आणि आत अंडाशय सापडले. राजाचा मुद्दा निकालात निघाला, सिंहासन मात्र तसंच राहिलं. फक्त त्यावर बसणाऱ्याचं लिंग बदललं.

पुढेही ज्याला जे हवं ते पोळ्यात सापडत गेलं. १७१४ मध्ये लंडनमध्ये बर्नार्ड मँडव्हिलने पोळ्याची गोष्ट रचून सांगितलं की व्यक्तीच्या हावरटपणातूनच समाज श्रीमंत होतो. १८०४ मध्ये नेपोलियनने राज्याभिषेकाच्या झग्यावर सोन्याच्या माश्या भरल्या. १९०२ मध्ये क्रोपोटकिन या अराजकवाद्याने परस्पर साहाय्याचा पुरावा म्हणून माश्यांकडेच बोट दाखवलं. राजेशाही, बाजार, साम्राज्य, अराजक, सगळ्यांना एकच साक्षीदार. कोर्टात असा साक्षीदार उभा राहिला असता तर न्यायाधीशाने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

मी मामांना पहिल्यांदा विचारलं होतं, “मामा, राणी कुठली यातली?” त्यांनी चौकट उन्हाकडे धरली, बोटाने दाखवली आणि म्हणाले, “राणी कसली गं ती? बाळंतीण हाय. जन्माची बाळंतीण.”

याहून अचूक वर्णन मला पुढे कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. ती आयुष्याच्या सुरुवातीला काही दिवस बाहेर उडते, नरांशी समागम करते, मिळालेलं वीर्य पोटातल्या पिशवीत वर्षानुवर्षं जपून ठेवते आणि मग अंडी घालते. हंगामात दिवसाला दीड हजारांच्या आसपास. तिला स्वतःचं अन्नही धड घेता येत नाही, भोवतीच्या माश्या तिला भरवतात. तिच्या अंगाचा एक वास पोळ्यात फिरत असतो आणि तो असेपर्यंत बाकीच्यांना कळतं की आई जागेवर आहे, अंडी घालतेय. हा वास म्हणजे हुकूम की हजेरी, यावर अभ्यासकांनी बराच वाद घातलाय. हजेरीच्या बाजूने आता पुष्कळ जण आहेत. पण आज कुणी कुठे जायचं, कुठली चौकट बांधायची, कोणत्या फुलांवर उतरायचं, यातलं काहीही ती ठरवत नाही. तिला व्हिजन नाही. पोळ्याच्या अंधारात तिला साधा व्ह्यूसुद्धा नाही.

तिची नोकरीही पक्की नाही. मामांच्या एका पेटीत अंडी विरळ पडायला लागली होती, चौकटीवर मधे मधे रिकामी घरं दिसायची. मी म्हटलं, “नवी राणी आणायची का?” मामा म्हणाले, “आपण कशाला? त्या बघत्याल त्यांचं त्या.” पंधरा दिवसांनी पोळ्यावर भुईमुगाच्या शेंगेसारखं एक लांबट घर लोंबत होतं. कामकरी माश्यांनीच नवी आई वाढवायला घेतली होती. नवी बाहेर आली, अंडी घालू लागली. जुनी काही दिवसांनी दिसेनाशी झाली. कुणी बंड केलं नाही आणि कुणाचा राज्याभिषेकही झाला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणा बॉसने स्वतःला राणीमाशीच्या जागी ठेवलं, तर त्याला जरूर सांगा की त्या पदाला निर्णयाचा एकही अधिकार नाही आणि कामगिरी घसरली की हाताखालचेच बदली शोधतात. बघा त्याला ती उपमा तेव्हाही आवडते का.

आता कामकरी माशी. ‘प्रत्येकीला आपला रोल माहीत’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, कारण त्यात असं गृहीत आहे की रोल एकच असतो आणि तो कुणीतरी दिलेला असतो.

१९२०च्या दशकात जर्मनीत गुस्टाव्ह र्‍यॉश या तरुण संशोधकाने माश्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन एकेकीचा माग काढला. त्याला दिसलं की काम वयाप्रमाणे बदलतं. कोषातून बाहेर आलेली माशी पहिले काही दिवस घरं साफ करते. मग अळ्यांना भरवते. मग मेण गाळून पोळं बांधते, बाहेरून आलेला मकरंद उतरवून घेते, कुणी दारावर पहारा देते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला ती बाहेर पडते आणि उरलेलं आयुष्य फुलांवर जातं. उन्हाळ्यातल्या माशीचं सगळं आयुष्य पाच-सहा आठवड्यांचं. त्यात ती बहुतेक खात्यांतून फिरून येते.

र्‍यॉश इथेच थांबला असता तर ट्रेनर लोकांना ‘करिअर लॅडर’ नावाची आणखी एक स्लाइड मिळाली असती. पण त्याने एक वसाहत अशी दुभागली की एका भागात फक्त तरुण माश्या राहिल्या आणि दुसऱ्यात फक्त म्हाताऱ्या. तरुणांच्या भागात अन्न आणणारं कुणी नव्हतं. तेव्हा काही तरुण माश्या वेळेच्या खूप आधी बाहेर पडायला लागल्या. म्हाताऱ्यांच्या भागात अळ्यांना भरवणारं कुणी नव्हतं. तेव्हा फुलांवर जाणाऱ्या काही जणी परत दायांचं काम करायला लागल्या, आणि त्यासाठी लागणाऱ्या, सुकून गेलेल्या ग्रंथी त्यांच्या अंगात पुन्हा भरून आल्या. अमेरिकेत जीन रॉबिन्सन आणि इतरांनी पुढच्या काळात हे हॉर्मोन आणि जनुकांच्या पातळीवर तपासलं. निष्कर्ष तोच : वय हा फक्त ढोबळ नियम आहे. काम ठरतं ते पोळ्याच्या त्या त्या वेळच्या गरजेतून आणि शेजारणींशी होणाऱ्या संपर्कातून. नेमणूक करणारं कुणीही नाही.

मग ‘आज मी दमले असं कुणी म्हणतं का’ याचं काय? मार्टिन लिंडाउअर या संशोधकाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला काचेच्या पेटीत एका कामकरी माशीवर सुमारे १७७ तास नजर ठेवली. त्यातले जवळपास ७० तास ती नुसती बसून होती. आणखी सुमारे ५६ तास ती पोळ्यात इकडून तिकडे फिरत होती, या घरात डोकाव, त्या घरात डोकाव, दिसेल तसं. प्रत्यक्ष काम उरलेल्या वेळात. उद्योगीपणाचं जगभरातलं प्रतीक असलेला हा जीव निरीक्षणाच्या दोन तृतीयांशांहून जास्त वेळ विश्रांती घेत होता किंवा चक्कर मारत होता. लिंडाउअरला ते आळसाचं लक्षण वाटलं नाही. फिरणारी माशी कुठे काय कमी आहे ते पाहत असते आणि बसलेली माशी अडीनडीला लागणारी राखीव ताकद असते. ११ जणांचं काम ७ जणांना देऊन ‘बी लाइक अ बी’ म्हणणाऱ्याने एकदा ही वेळेची नोंद वाचावी. पोळं शिल्लक माणसं ठेवून चालतं, कापून नाही.

आता त्या फॉरवर्डकडे येते. मला खरा राग त्याचा आहे.

कीटकशास्त्रात राणी आणि कामकरी यांच्यातल्या भेदाला ‘कास्ट’ म्हणतात. शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत हा शब्द बिनधास्त वापरला जातो आणि मराठीत त्याचं सरळ ‘जाती’ होतं : राणी, कामकरी आणि नर या मधमाशीच्या तीन जाती. हा शब्द कीटकांकडे आला कुठून? पोर्तुगीज लोक सोळाव्या शतकात आपल्याकडे आले, त्यांनी आपला समाज पाहिला आणि त्याला त्यांच्या भाषेतला ‘कास्टा’ हा शब्द लावला. तिथून तो इंग्रजीत गेला. १८५९ साली डार्विन वांझ मुंग्यांमधले वेगवेगळे प्रकार सांगताना ‘कास्ट’ हाच शब्द वापरतो. म्हणजे आपल्या गावातल्या उतरंडीवर चिकटलेला शब्द युरोपात जाऊन कीटकांना चिकटला, आणि आता आपलेच लोक कीटकांकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, निसर्गातसुद्धा जात आहे. आपणच भिंतीवर लिहायचं आणि आपणच ते दैवी अक्षर म्हणून वाचून दाखवायचं, असा हा प्रकार.

शब्द सोडा, वस्तुस्थिती बघू. पोळ्यातल्या कामकरी माशीची आई कोण? राणी. आणि नव्या राणीची आई कोण? तीच. दोघी एकाच प्रकारच्या फलित अंड्यातून येतात. पहिले काही दिवस दोन्ही अळ्या सारख्याच. मग जिला मोठ्या घरात ठेवलं आणि शेवटपर्यंत राजान्न भरपूर भरवलं, तिची राणी होते; जिला लहान घर आणि तीन दिवसांनंतर वेगळं, मोजकं अन्न मिळालं, ती कामकरी होते. राणी अचानक मेली तर कामकरी माश्या साध्या घरातलीच एखादी कोवळी अळी निवडतात, तिच्याभोवतीचं घर मोठं करतात, भरवणं बदलतात, आणि १६ दिवसांत राणी तयार. कामकरीला २१ दिवस लागतात.

कामकरी माशी एरवी वंश वाढवतच नाही. म्हणजे कामकरीची मुलगी कामकरी, पहारेकरणीची मुलगी पहारेकरीण, अशी परंपरा पोळ्यात होऊच शकत नाही. एकाच आईच्या काही लेकींना बापाकडून एखाद्या कामाचा जरा जास्त कल मिळतो, हे खरं आहे. पण कल म्हणजे कोंडवाडा नव्हे. पोळ्यातली मेलेली माशी ओढून बाहेर टाकण्याचं काम एका वेळी अगदी थोड्या माश्या करतात. तेही काही दिवसच. मग त्या ते सोडतात आणि फुलांवर जातात. त्यांना कुणी शिवून घेत नाही असं होत नाही. आणि घर साफ करण्याचं काम तर प्रत्येकीने सुरुवातीला केलेलं असतं, त्यातून कुणीही सुटत नाही.

आपल्याकडे मैला हाताने साफ करायला लावण्याविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये पुन्हा झाला, आणि तरी गटारात उतरून माणसं मरतात. ती कोणत्या जातींची असतात हे ग्रुपवरच्या नमस्कार करणाऱ्या चौदाही जणांना नीट माहीत आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली, लाहोरला करायच्या आणि आयोजकांनी रद्द केलेल्या त्या भाषणात, हाच फरक दाखवला होता : कामं वाटणं वेगळं आणि काम करणाऱ्या माणसांनाच कप्प्यांत वाटून वर-खाली रचणं वेगळं. पोळ्यात पहिली गोष्ट आहे. दुसरी नाही. तिच्यासाठी माणूस लागतो, पोथी लागते, लग्नं ठरवणारे लागतात आणि विहिरीवर पहारा देणारे लागतात. माशीला यातलं काही जमत नाही.

आता नरांबद्दल, कारण आळशी, फुकटखाऊ, बिनकामाचा म्हणून त्याची थट्टा सगळेच करतात. आमच्या ट्रेनरच्या स्लाइडवर तर तो ‘नॉन परफॉर्मर’ होता.

नर फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो, हे झिएर्झोन नावाच्या पाद्र्याने १८४५ मध्ये सांगितलं तेव्हा लोकांचा विश्वास बसला नव्हता. त्याला बाप नसतो, आजोबा असतात. त्याला डंख नाही, मेण गाळता येत नाही, पराग वाहायला पायावर टोपली नाही. त्याच्याकडे मोठे डोळे आणि जोरकस पंख आहेत, आकाशात राणी शोधण्यासाठी. समागम झाला की तो तिथेच मरतो. पण त्याच्या जन्माचा निर्णय कुणाचा? नरांसाठी मोठी घरं कामकरीच बांधतात, योग्य हंगामात, मध आणि पराग खर्चून. एक राणी साधारण १० ते २० नरांशी समागम करते आणि त्यामुळे पोळ्यात अनेक बापांच्या लेकी एकत्र राहतात. २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की अशा मिश्र वसाहतीत अळ्यांच्या भागातलं तापमान जास्त स्थिर राहतं. कारण सोपं आहे. एका बापाच्या लेकींना जरा उकडलं की त्या पंखांनी वारा घालू लागतात, दुसऱ्याच्या लेकी आणखी थोडं तापल्यावर सुरू करतात. सगळ्या एकदम सुरू आणि एकदम बंद झाल्या असत्या तर ३४-३५ अंशांची ती ऊब टिकली नसती. ज्याला बिनकामाचा म्हणून हसलो, त्याच्या विविधतेवर पोळ्याची पुढची पिढी जगते. कुणाचं काम आपल्याला दिसत नाही म्हणून ते नसतंच, असं समजणाऱ्यांनी आजवर बरीच माणसं घरी बसवली आहेत.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, म्हणजे पोळं खरं तर लोकशाही आहे. तो मोह मलाही झाला होता, आणि त्याला आधारही आहे. वसाहत मोठी झाली की फुटते. जुनी राणी निम्म्याहून जास्त माश्यांसह बाहेर पडते. तीही स्वतःहून नाही, आधी कामकरी तिला कमी भरवतात, धक्के देत हलतं ठेवतात, म्हणजे ती उडण्याइतकी हलकी होईल. मग तो घोळका फांदीवर लटकतो आणि काहीशे वयस्क माश्या घर शोधायला जातात. युद्धानंतरच्या म्युनिकमध्ये, १९४९ साली, लिंडाउअरला अशा घोळक्यावर नाचणाऱ्या माश्या दिसल्या. कुणी काजळीने काळी, कुणी विटांच्या धुळीने लाल. पडक्या शहरातल्या धुरांड्यांत आणि भिंतींत घर बघून त्या परत आल्या होत्या आणि नाचून पत्ता सांगत होत्या. पुढे अमेरिकेतल्या टॉमस सीली यांनी हा शोध कितीतरी वर्षं पुढे नेला. चांगल्या जागेसाठी माशी जास्त वेळ नाचते. इतर जणी तिचा शब्द प्रमाण मानत नाहीत, स्वतः जाऊन पाहून येतात. एका जागी एका वेळी २०-३० शोधक जमल्या की ठरलं. या सगळ्यात राणी घोळक्यात कुठेतरी असते. तिला कुणी विचारत नाही.

सुंदर आहे हे. पण याच पोळ्यात फुलांचा हंगाम संपला की त्याच नरांना अन्न तोडून दाराबाहेर ढकललं जातं आणि ते मरतात. एखाद्या कामकरीने अंडं घातलं तर दुसऱ्या कामकरी ते शोधून खाऊन टाकतात. माशी एकटी जगू शकत नाही आणि पोळ्यासाठी मरणं तिला निवडावंही लागत नाही, तिचा काटेरी डंख आपल्या कातडीत अडकतो आणि ती मरते. यातलं काय ‘आदर्श’ म्हणून उचलणार? नर मारणं की घर शोधणं? जो उचलतो तो आपल्या सोयीचं उचलतो. मी लोकशाही उचलली तरी माझ्यात आणि नेपोलियनमध्ये फरक एवढाच की मला झगा नाही. म्हणून मी पोळ्याच्या जोरावर लोकशाहीची बाजू मांडणार नाही. लोकशाही चांगली असेल तर ती माणसांसाठी चांगली आहे म्हणून, माश्या नाचतात म्हणून नाही.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं, “अगं, उपमा आहे ती. एवढं काय मनावर घेतेस?”

मनावर यासाठी घेते की ही उपमा एक काम चोख करते. ती ठरवणाऱ्याला गायब करते. चौघांना कुणी काढलं? ‘नैसर्गिकरीत्या’ झालं. त्यांचं काम आमच्यावर कुणी टाकलं? प्रत्येकाला आपला रोल असतो. अमुक वस्तीतल्या मुलानेच गटारात का उतरायचं? ज्याचं काम त्याने करावं. प्रत्येक ठिकाणी एका माणसाने दुसऱ्या माणसाबद्दल निर्णय घेतलेला असतो, त्यावर सही असते, त्यातून कुणाचे तरी पैसे वाचलेले असतात. पोळ्याचा फोटो लावला की सही दिसत नाही. निसर्गाला जाब विचारता येत नाही, माणसाला येतो. म्हणून माणसाला निसर्ग व्हायचं असतं.

आणि आपल्या पिढीला हे फार सहज विकलं जातं. आपण मोबाइलवर तीस सेकंदांत ‘मुंग्यांकडून शिका’, ‘लांडग्यांकडून शिका’, ‘गरुडाकडून शिका’ पाहतो आणि पुढे सरकवतो. पुढच्या वेळी असं काही आलं तर दोनच गोष्टी करून बघा. तो प्राणी खरंच तसा वागतो का, हे पाच मिनिटं शोधा. आणि हे मला कोण सांगतंय, माझ्याकडून त्याला काय हवंय, हे स्वतःला विचारा. बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी सापडतं.

मी मात्र ग्रुपवर उशिरा का होईना, लिहिलं. लांब नाही, तीन ओळी : कामकरी आणि राणी एकाच आईच्या एकाच प्रकारच्या अंड्यातून येतात, फरक कुणाला काय भरवलं याचा असतो; पोळ्यात साफसफाई प्रत्येकीला करावी लागते; आणि मेलेल्याला उचलणारी माशी नंतर फुलांवर जाते. खाली एकही इमोजी आला नाही. संध्याकाळी एका काकांचा फोन आला, “तू ग्रुपवर राजकारण आणू नकोस.”

मी म्हटलं, “काका, मी फक्त माश्यांबद्दल लिहिलंय.”

ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत.